काचा धुऊन टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर बैल दगावल्याची बातमी होती. तीत ‘सर्रा विषाणूची लागण’ असं छापलंय. सर्रा हा जनावरांचा रोग विषाणूमुळे होत नाही. तो रक्तात पोहणाऱ्या एकपेशीय परोपजीवीमुळे होतो. त्याचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. मी पशुसंवर्धन खात्यात 31 वर्षं काढली आणि 2019 साली पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आपली चूक दाखवायला लिहायला बसलो, तर माझीच एक आठवली. पत्र लांबलंय ते त्यामुळे.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील. एक शेतकरी सकाळी सातलाच दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसलेला. ‘डाक्टरसायेब, बैल भिताडाले डोकं लावून उभा हाये, हालत नाई.’ जाऊन पाहिलं तर ताप, पायांवर सूज, एक डोळा दुधाळ. दोर सोडला की एकाच बाजूला गोल फिरायचा. अंगावर घोडमाश्या, त्यांनाच आम्ही टॅबॅनस म्हणतो. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेतलं, वर झाकणकाच ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पंधरा मिनिटं काहीच दिसलं नाही. बैलात जंतू कमी असतात, एका काचेवर भरवसा ठेवू नये हे तेव्हा पुस्तकातच वाचलं होतं. संध्याकाळी ताप चढल्यावर पुन्हा रक्त काढलं. आता मात्र तांबड्या पेशींच्या गर्दीत एका जागी धक्काबुक्की चाललेली दिसली. जत्रेत कुणी घुसलं की माणसं आपोआप बाजूला होतात ना, तशी. पेशीच्या तीन-चार पट लांब, चपटा, वळवळणारा जीव. क्विनापायरामाइन टोचलं, बैल वाचला. काच मी साबणानं धुऊन पुन्हा डब्यात ठेवली, कारण दवाखान्यात काचांची टंचाई कायमचीच.

या जंतूचा शोध आपल्याच उपखंडातला. 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या वेल्श लष्करी पशुवैद्यानं तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माइल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला. रोग यानेच होतो हे त्याच्या वरिष्ठांना पटेना. ‘सर्रा’ या शब्दाचं मूळ मराठी ‘सूर’, म्हणजे नाकातून निघणारा श्वासाचा आवाज, असं एका इंग्रजी शब्दकोशात मी वाचलंय. खरं असेल तर आपल्या आजोबांनी या रोगाला डोळ्यांऐवजी कानांनी ओळखलं होतं म्हणायचं.

पण जंतूचं कूळ आफ्रिकेतलं. तिथल्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसाय या जंतूला एका जनावरातून दुसऱ्यात जायला त्सेत्से ही तिथलीच रक्त पिणारी माशी लागते. तिच्या पोटात साखर नाही, म्हणून तिथे जगायला त्याला तंतुकणिका, म्हणजे पेशीचं ऊर्जाघर, पूर्ण चालू लागते. या ऊर्जाघराचा स्वतःचा डीएनए असतो. इव्हान्सायनं त्यातला मोठा भाग गमावलाय, काही वाणांनी तर सगळाच. म्हणून तो त्सेत्सेच्या पोटात टिकू शकत नाही. रक्तात मात्र साखर भरपूर, तिथे त्याचं भागतं. घोडमाशी एका जनावराला चावून लगेच दुसऱ्याला चावली की तिच्या सोंडेवरच्या ओल्या रक्तातून तो पुढे जातो. त्सेत्सेच सुटल्यावर आफ्रिकेतच राहायचं कारण उरलं नाही. उंटांच्या तांड्यांबरोबर तो उत्तरेला आणि तिथून आशियात पसरला असं मानतात.

माझ्या मनात ज्यानं घर केलं ते यापुढचं. ऊर्जाघराचा डीएनए गेला तर पेशी मरायला हवी. ती मरत नाही, कारण केंद्रकातल्या एका जनुकात दुरुस्ती झालेली असते. ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनाचाच एक भाग ते जनुक घडवतं. इव्हान्सायच्या ‘अ’ प्रकारात या प्रथिनाच्या 281 व्या जागचं एक अमिनो आम्ल गळालंय. केनियात सापडलेल्या ‘ब’ प्रकारात दुरुस्ती आहे, पण ती शेजारच्या, 282 व्या जागी आणि वेगळी. गावात भाट येऊन वही उघडतो तेव्हा एकाच आडनावाची दोन घरं वेगळ्या मुळांची निघतात, तसं हे आहे. 2015 साली जाहीर झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासातही तेच दिसलं. आपण ज्याला एक जंतू म्हणतो तो ब्रुसायपासून स्वतंत्रपणे एकाहून जास्त वेळा निपजला. म्हणजे उद्या आणखी एकदा निपजू शकतो.

शेतकऱ्याला याचं काय, असं आपले वाचक विचारतील. मीही विचारलं असतं. सर्रासाठी एक कार्ड चाचणी आहे. कार्डावर थेंब टाकायचा आणि गुठळी होते का पाहायची. ती जंतूच्या अंगावरच्या एका विशिष्ट आवरणप्रथिनावर उभी आहे. ‘ब’ प्रकारात त्या प्रथिनाचं जनुकच नसतं. म्हणजे जनावर आजारी आणि कार्ड मात्र साफ. ‘ब’ प्रकार आपल्याकडे आहे असं माझं म्हणणं नाही. पण कुठला प्रकार कुठल्या तालुक्यात फिरतोय हे डीएनए पाहिल्याशिवाय सांगायचं कसं?

विदर्भातल्या माणसानं तर हे हसण्यावारी नेऊच नये. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच जंतू सापडला. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं, एपीओएल-1, ते जंतूला फोडून टाकतं. म्हणून सर्रा माणसाला होत नाही, असं आम्ही गोठ्यात उभं राहून बिनधास्त सांगायचो. जंतू बदलला की काय, अशी तेव्हा सगळ्यांनाच धास्ती होती. 2006 मध्ये उलगडा झाला. जंतू साधाच होता. त्या माणसाच्या दोन्ही जनुकप्रती बिघडलेल्या होत्या, ते प्रथिन त्याच्या अंगात तयारच होत नव्हतं. सुरामिन देऊन तो बरा झाला. गावातल्या 1,806 लोकांची कार्ड चाचणी केली. ज्यांच्यात ती ठळक आली त्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, कुणातही जंतू दिसला नाही. माणूस बदलला की जंतू, हे जनुकं वाचली म्हणून कळलं. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर ते कळलं नसतं. आणि ओडिशात नंदनकाननला 2000 साली डझनभर वाघ याच रोगानं गेले होते. ताडोबा आपल्या दारात आहे, एवढंच म्हणतो.

म्हणून मागणी साधी आहे. गिम्झा रंग दिलेल्या जुन्या काचेवरूनही डीएनए काढता येतो. ज्या दवाखान्यात काच तपासली जाते तिथे जंतू दिसलेली काच धुऊ नये. रंग देऊन, वाळवून, तारीख, गाव, जनावर आणि दिलेलं औषध लिहून ठेवावी. गाळणकागदावर रक्ताचा एक थेंब वाळवून पाकिटात घातला तर आणखी बरं, त्याला बर्फ लागत नाही. वर्षातून एकदा हे सगळं नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे जावं. आमच्या पर्यवेक्षकांवर आणखी एक रजिस्टर लादल्यासारखं होईल हे मला ठाऊक आहे. त्यांच्या शिव्या मी खाईन. पण औषध लागू पडलं नाही अशी तक्रार येते तेव्हा डोस कमी पडला की जंतूचा वाण वेगळा, हे सांगायला आज दवाखान्यात काहीच शिल्लक नसतं.

त्या पहिल्या बैलाची काच मी धुतली. नंतरच्याही शेकडो धुतल्या. परवा माळ्यावरची लाकडी पेटी उघडली, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच रंगवलेल्या काचा निघाल्या. तिघींवरचं लेबल वाळवीनं खाल्लंय. दोघींवर माझंच अक्षर आहे: ‘म्हैस, 1996’ आणि ‘बैल, घोडमाशी फार’. कुणा संशोधकाला हव्या असतील तर आपण माझा पत्ता द्यावा. न्यायला येणाऱ्यानं येताना काचांची रिकामी पेटी आणावी, माझी मोडली आहे.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
वर्धा जिल्हा