मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री यांना खुले पत्र : हा डबा अन्न की औषध, एकदाचे ठरवा

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

खारघर परिसरात कॅन्सरच्या पेशंटना खपवल्या जाणाऱ्या ‘इम्युनिटी’ पावडरीबद्दलच्या आमच्या तक्रारीला या आठवड्यात उत्तर आलं. औषधवाले म्हणतात, हे अन्न. अन्नवाले आधीच म्हणाले होते, कॅन्सर बरा करण्याचा दावा म्हणजे औषध. दोन्ही बाजू आपल्याच खात्यातल्या, साहेब. एक जिना चढून विचारलं असतं तरी चाललं असतं.

डब्यावर अन्नपदार्थांचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे. मुंगीएवढ्या अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही आहे. सोबतचं पत्रक म्हणतं, गाठ विरघळते. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात आजार बरा करण्यासाठी म्हणून विकलेला कुठलाही पदार्थ ‘औषध’च ठरतो आणि त्याच्या परिशिष्टात कॅन्सरचं नाव आहे. अन्न म्हणायचं असेल तर २००६ च्या कायद्याचं कलम ५३ आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड. कुठूनही धरा, सापडतोच. धरायचं असेल तर.

‘हळदच तर आहे’ हे आम्हाला ऐकवू नका. आमटीतली हळद वेगळी. अशाच विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये हळदीतल्या कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन घालतात, ते रक्तात जास्त उतरावं म्हणून. तेच पायपरिन औषधं फोडणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमांनाही अडवतं. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांना ही जोडी दिल्यावर रक्तातलं एन्डॉक्सिफेन, म्हणजे त्या औषधापासून शरीरात तयार होणारा, प्रत्यक्ष काम करणारा भागच, कमी झाल्याचं २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या अभ्यासात दिसलं.

फॉलिक ॲसिडचं, म्हणजे बी गटातल्या एका जीवनसत्त्वाचं, आणखी वेगळं. केमोचं पेमेट्रेक्सेड हे औषध असेल तर आठवडाभर आधीपासून रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम द्यावंच लागतं, बी१२ च्या इंजेक्शनसह. कॅपेसिटाबिन हे दुसरं केमोचं औषध असेल तर फॉलिक ॲसिडनेच जुलाब आणि तळहात-तळपाय सोलवटणं वाढू शकतं. डब्यावर यातलं काय लिहिलंय? ‘सर्वांसाठी उपयुक्त’!

केस लवकर यावेत म्हणून १० मिलिग्रॅम बायोटिन (हेही बी गटातलं जीवनसत्त्व) देतात. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅम. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो, मग नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते. तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, हे विकणारा कधी सांगत नाही. पेशंट आम्हाला विचारतो तोवर अडीच-तीन हजारांचा डबा अर्धा झालेला असतो.

पाम बीच रोडवर जरा वेग वाढला की ई-चलान मोबाइलवर हजर. इथे मात्र अर्ज, स्मरणपत्र, ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’, असं करत आमच्या चपला झिजल्या. सरकार कुठलंही येवो, फाइल टेबलं बदलते आणि गरीब माणूस मंगळसूत्र मोडून पावडर घेतो.

तेव्हा दुकानातूनच नमुना घ्या, कायद्याप्रमाणे त्याचे चार भाग करा, विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत मागवा आणि पत्रकही जप्त करा. आणि धाड पडायच्या आधी दुकानदाराला फोन जाणार नाही, एवढं बघा.

आपले,
नवी मुंबईतील काही फार्मासिस्ट व आहारतज्ज्ञ