ऑगस्टमध्ये बंद असलेला माया बे तुम्ही आम्हाला ऑगस्टमध्येच विकलात

प्रति,
कस्टमर केअर आणि जे कोणी मॅनेजर असतील ते

विषय: १६ ऑगस्ट २०२५ ची फुकेट ते फी फी आयलंड डे क्रूझ, ३ मोठे २ लहान, रिफंडबाबत

नमस्कार,

हे पत्र मी परवा गणपती यायच्या आत लिहून टाकतेय, कारण एकदा मखर लावायला घेतलं की मला वेळ मिळणार नाही आणि तुम्ही नेमकं तेच धरून बसाल की कस्टमरने पुढे फॉलोअप केला नाही. तुमचं २० तारखेचं उत्तर मिळालं. त्यात लिहिलंय की "हवामानामुळे कार्यक्रमात बदल झाला, अटींनुसार रिफंड देता येत नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत". मी ते उत्तर तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला वाटलं की माझा मेल कोणी उघडूनच बघितलेला नाही. म्हणून आता सगळं नीट लिहिते, जरा लांबलं तर लांबू दे.

मुद्दा एकच आहे. थायलंडमधल्या फी फी बेटांवरचा माया बे, तो छोटासा बीच, दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर बंद असतो. यावर्षीच नाही, वादळ आलं म्हणून नाही, दरवर्षी. तिथलं नॅशनल पार्क खातं कोरल आणि समुद्रातल्या प्राण्यांना दोन महिने विश्रांती मिळावी म्हणून मुद्दाम बंद ठेवतं आणि ते आधीच जाहीर झालेलं असतं. आणि तुम्ही आम्हाला जूनमध्ये, फोनवर आणि व्हाउचरवर, १६ ऑगस्टच्या तारखेला "माया बे बीचवर १ तास" विकलात. पाऊस अचानक आला असं म्हणता येतं हो, ऑगस्ट अचानक आला असं कसं म्हणता?

आता तुम्ही म्हणाल एका बीचचं एवढं काय. तर ते पण सांगते. माझी मुलगी सातवीत आहे, तिने शाळेत माया बेवर प्रोजेक्ट केला होता. एका हॉलिवूड सिनेमाचं शूटिंग तिथे झालं आणि मग जग लोटलं, दिवसाला पाच हजारांच्या वर माणसं त्या एवढ्याशा वाळूवर, बोटींचे नांगर कोरलवर, शेवटी २०१८ च्या जूनमध्ये सरकारने तो बंदच केला. मग तिथे नवीन कोरल लावलं, माणसं नाहीत म्हटल्यावर काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क परत उथळ पाण्यात यायला लागले, आणि २०२२ च्या जानेवारीत परत उघडला पण नियम लावून. बोट समोरून आत न्यायची नाही, मागच्या बाजूने उतरून लाकडी वाटेने चालत जायचं, पाण्यात पोहायचं नाही. हे सगळं तेरा वर्षाच्या मुलीला माहिती होतं. तिला फक्त किनाऱ्यावर उभं राहून शार्कची पिल्लं दिसतायत का बघायचं होतं. दरवर्षी दोन महिने बंद असतो एवढं तिला माहिती नव्हतं, मला पण नव्हतं, आमची ती चूक आहे असं कोणी म्हणालं तर म्हणू दे, पण आम्ही वर्षातून एकदा फिरणारी माणसं, तुमचा तर धंदाच हा आहे ना.

आम्हाला हे कधी कळलं? बोटीवर बसल्यावर. तुमच्याकडून नाही, बोटीवरच्या गाइडकडून. तो बिचारा नकाशा दाखवून समजावत होता, मुलीने विचारलं माया बे किती वाजता, तर तो हसला आणि म्हणाला नो नो, ऑगस्ट क्लोज, एव्हरी इयर. तुमच्या व्हाउचरवरची ओळ त्याला दाखवली तर त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला इंडिया एजंट, ऑलवेज. मला इतकी लाज वाटली ना. चूक तुमची आणि मान खाली आमची. नंतर त्यांनी बोट लांबून, दोरीला बांधलेल्या तरंगत्या बोयांच्या बाहेर दोन मिनिटं थांबवली, लाटांमुळे धड उभं पण राहता येत नव्हतं, तेवढ्यात एक हललेला फोटो मिळाला. माझ्या सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे गं, नावातच माया आहे, ती कशी दिसणार. पोरगी हसली पण डोळे भरले होते तिचे.

दुसरी गोष्ट बोटीची. ही मला माया बेपेक्षा जास्त गंभीर वाटते, कारण इथे माणसाच्या तब्येतीचा प्रश्न होता. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांना कमरेचा जुना त्रास आहे, पट्टा लावतात. बुकिंग करताना मी तुमच्या एक्झिक्युटिव्हला स्पष्ट विचारलं होतं की बोट कुठली, स्पीडबोट असेल तर आम्हाला नको. तो म्हणाला मॅडम लक्झरी कॅटामरान आहे, मोठी, दोन तळांची, चहाचा कप पण हलत नाही. व्हॉट्सॲपवर पण "कॅटामरान कन्फर्म" असं लिहिलंय, स्क्रीनशॉट जोडलाय. आणि सकाळी धक्क्यावर समोर काय उभं, तर तीन इंजिनांची स्पीडबोट, चाळीसेक माणसं आत दाटीवाटीने. आणि तिथेच पाटी लावलेली, गरोदर बायका आणि पाठीचं दुखणं असलेल्यांनी बसू नये. आता त्या वेळी आम्ही काय करायचं होतं? त्यांना एकट्यांना परत हॉटेलला पाठवायचं? तुमच्या इमर्जन्सी नंबरवर तीन फोन केले, आपल्याकडे तेव्हा सकाळचे सात वाजलेले, कोणी उचलला नाही. इमर्जन्सी नंबर ऑफिस टायमिंगमध्येच चालणार असेल तर तसं त्याच्या खाली लिहीत जा.

सासूबाईंचं माहेर रेवदंड्याकडचं, त्या मलाच धीर देत होत्या की नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला, दर्या शांत झाला असेल. पण अंदमान समुद्राला आपली नारळी पौर्णिमा कोण सांगणार, तिकडे मे ते ऑक्टोबर पावसाळ्याच्या लाटा असतात. फुकेटपासून फी फी साधारण ४५ किलोमीटर, तासभर ती बोट आपटत होती, प्रत्येक आपटीला त्या माझा हात आवळायच्या, तोंडातून अवाक्षर नाही. गाइडने त्यांना मागे, इंजिनाजवळ बसवलं, तिथे कमी आपटतं म्हणे, पाठीला दोन लाइफ जॅकेट लावून दिली, आलं घातलेल्या गोळ्या दिल्या. त्या बोटीवरच्या पोरांबद्दल माझी एक अक्षराची तक्रार नाही, हे कृपया नोंदवून घ्या आणि त्यांच्यावर काही ढकलू नका. घरी आल्यापासून सासूबाई आडव्या आहेत, आणि या वर्षी उकडीच्या मोदकांना त्या बसू शकणार नाहीत, ते गेल्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मग पैशांचं. पॅकेजवर ठळक लिहिलंय "ऑल इन्क्लुझिव्ह, नॅशनल पार्क फी सकट". धक्क्यावर प्रत्येकाकडून पार्क फी रोख मागितली, मोठ्यांना ४०० बाट, लहानांना २००, आमचे झाले १६०० बाट म्हणजे साधारण सव्वाचार हजार रुपये. आम्ही म्हटलं भरलीये, ते म्हणाले आमच्याकडे आलेली नाही. बेटाचं नाव फी फी आहे म्हणून फी पण दोनदा घ्यायची का? पावती जोडलीये.

स्नॉर्कलिंग. दोन ठिकाणी, पाऊण पाऊण तास असं ठरलेलं. झालं एका ठिकाणी, वीस मिनिटं. मी प्रामाणिकपणे सांगते, पाणी खवळलेलं होतं, गाळ वर आला होता, दुसरी जागा त्यांनी सेफ्टीसाठी रद्द केली, त्याबद्दल मी भांडत नाहीये, हवामान म्हणतात ते हे. पण लहान मुलांच्या मापाचा मास्कच नव्हता हे हवामान नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला मोठ्यांचा मास्क लावला, त्यातून पाणी आत, खारं पाणी नाकात, दोन मिनिटांत रडत बोटीवर. मी बुकिंग फॉर्ममध्ये दोन्ही मुलांची वयं भरली होती, ती कशासाठी भरून घेता मग? मुलगी मात्र दोरीला धरून उतरली आणि तिला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा अख्खा थवा दिसला, खाली कोरलवर काटेरी काळे सी अर्चिन दिसले, वर आली तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा खुश दिसली. ती वीस मिनिटं छान होती, मी नाही म्हणणार नाही.

आणि एक गंमत सांगते, तुमच्या मार्केटिंगवाल्यांना दाखवा. तुम्ही निघताना जो ट्रॅव्हल किट दिलात, पाऊच, नेक पिलो, आणि तुमचा लोगो छापलेली सनस्क्रीनची ट्यूब, ती बोटीवर काढली तर गाइडने हातातून घेतली आणि मागचं बारीक अक्षर वाचून परत दिली, म्हणाला इथे लावू नका. त्यात ऑक्सिबेन्झोन आहे. थायलंडच्या मरीन पार्कमध्ये असली कोरलला मारणारी सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहे, एक लाख बाटपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे तुम्ही आम्हाला बंद बीचची तिकिटं दिलीत आणि बरोबर बंदी असलेली क्रीम भेट दिलीत. फुल बाह्यांचे टीशर्ट घालून दिवस काढला.

जेवण थोडक्यात सांगते कारण आठवलं की राग येतो. "इंडियन व्हेज बुफे" लिहिलेलं. फी फी डॉनवर, म्हणजे तिथल्या मोठ्या वस्तीच्या बेटावर, जेवायला उतरवलं. श्रावण, आदल्या दिवशी गोकुळाष्टमीचा उपास, सासूबाईंचं पारणं राहिलेलं. भात, कोबी-गाजराची परतलेली भाजी, कलिंगड. मी विचारलं भाजीत काय घातलंय, वाढणारी म्हणाली व्हेज व्हेज, ओन्ली फिश सॉस. त्यांच्या हिशेबाने त्यात मासा दिसत नाही म्हणजे ती व्हेज, त्यांची काही चूक नाही. तिथे आपल्यासारखं शाकाहारी हवं तर "जे" म्हणून सांगावं लागतं, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, हे मला फुकेटमधल्या एका दुकानदाराने दुसऱ्या दिवशी शिकवलं. तुमच्या ऑफिसने एक ओळ पुढे कळवली असती तरी भागलं असतं. सासूबाईंचं पारणं कलिंगडाच्या दोन फोडींवर आणि माझ्या पर्समधल्या राजगिऱ्याच्या लाडवावर झालं.

बांबू आयलंडवर दोन तास बीच टाइम लिहिलेला, मिळाली ४० मिनिटं, कारण संध्याकाळी लाटा वाढायच्या आत परतायचं होतं. ठीक आहे, परतलो ते बरंच झालं. पण मग तुम्हाला ऑगस्टमध्ये असं होतं हे माहिती असताना जानेवारीचाच कार्यक्रम, जानेवारीचेच निळेशार फोटो लावून ऑगस्टच्या तारखांना कसा विकता?

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने लिहिते म्हणजे मी फक्त कुरकुर करतेय असं वाटायला नको. पिले लगून बघितलं. चारी बाजूंनी चुनखडीचे उभे कडे, मध्ये हिरवं पाणी, आडोसा असल्यामुळे लाट नाही, बोट बंद केली तेव्हा एकदम शांत. सासूबाईंनी तेवढ्यापुरती कंबर सरळ केली आणि पाण्यात हात घालून बसल्या. त्याचे पैसे मी मागत नाही.

तर हिशोब असा. तुम्हाला दिलेले: मोठ्यांचे ५,८०० प्रमाणे तीन म्हणजे १७,४००, मुलांचे ४,६०० प्रमाणे दोन म्हणजे ९,२००, एकूण २६,६००. त्यातले अर्धे, १३,३००, कारण माया बे, कॅटामरान आणि जेवण हे तिन्ही तुम्ही देऊच शकत नव्हता किंवा द्यायची तयारी केलेली नव्हती. अधिक दोनदा भरलेली पार्क फी ४,२५०. मिळून १७,५५० रुपये. तुमचं ते "पुढच्या ट्रिपवर दहा टक्के कूपन" मला नको. आणि तुमच्या साइटवर आज २५ ऑगस्टलासुद्धा सप्टेंबरच्या तारखांना "माया बे १ तास" तसाच विकायला ठेवलाय, मी आत्ता बघून लिहितेय, तो आधी काढा. माझे पैसे एक वेळ दोन दिवस उशिरा आले तरी चालतील, पण त्या तारखांना ज्यांनी बुकिंग केलंय त्यांना आज फोन करून सांगा.

"कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राखीव" ही अट मला परत पाठवू नका. बदल करणं वेगळं आणि जे मुळात मिळणारच नाही ते विकणं वेगळं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा दोन्ही येतात. मी राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, त्यामुळे मला तुमच्या शहरात खेपा घालायची गरज नाही. आधी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करेन. ९ सप्टेंबरपर्यंत वाट बघते.

सोबत व्हाउचर, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, पार्क फीची पावती, सनस्क्रीनच्या ट्यूबचा मागच्या बाजूचा फोटो आणि सासूबाईंच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीये.

फोन करू नका, फोनवर तुम्ही सगळे फार गोड बोलता आणि नंतर काही लेखी राहत नाही. मेलच करा. आमचा गणपती दीड दिवसाचा असतो, २९ तारखेपासून मी मेल बघेन.

तुमची कस्टमर
(बुकिंग नंबर व्हाउचरवर आहे)