घाण्याचा बैल आणि मी

रविवार, रात्री उशिरा

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मागच्या फोनवर बाबांनी विचारलं, "तू दिवसभर नेमकं करतेस काय?" मी म्हटलं, "लोकांना चालवते." आई जी हसत सुटली, की पुढचं बोलणं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

आमच्या प्रयोगशाळेत एक रिकामा हॉल आहे, बॅडमिंटनच्या कोर्टाहून जरासा मोठा. येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर हेडसेट (म्हणजे आत खोटं जग दाखवणारा मोठा चष्मा) चढवायचा आणि त्याला त्या एवढ्याशा जागेत एका लांबलचक इमारतीतून फिरवून आणायचं. स्वतःच्या पायांनी, आणि भिंतीवर न आपटता. एवढंच माझं काम.

रुजू झाले त्या आठवड्यात आधी मलाच चालवलं. समोर लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खिडक्या. मी आपली सरळ नाकासमोर चालतेय. एका वळणावर फुलपाखरू आलं, त्याच्याकडे बघायला मान वळवली, परत चालू लागले. शेवटी विचारलं, "आत आलीस ते दार कुठे आहे?" मी छातीठोकपणे मागे बोट दाखवलं. हेडसेट काढला तर दार माझ्या समोर, चार पावलांवर! मग संगणकावर माझ्या चालण्याची रेघ दाखवली. सरळ म्हणून चाललेला सगळा व्हरांडा वाकडा होता, गुंडाळलेल्या दोऱ्यासारखा. झापडं बांधलेला घाण्याचा बैल आपण कुठेतरी निघालोय असं समजत असेल तर त्याला मी आता हसणार नाही.

याची मेख अशी. मी चालत असताना चित्र अगदी थोडं, कळणार नाही इतकं, एका बाजूला फिरवत राहतात. मी नकळत तेवढी वळून भरपाई करते आणि सरळच चालतेय असं समजते. ही कल्पना शरीफ रझाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2001 साली चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मांडली. किती फसवता येतं, तेही मोजलेलं आहे. 2010 च्या एका जर्मन अभ्यासात 22 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरणाऱ्यालाही आपण सरळ चालतोय असंच वाटत होतं. जागच्या जागी वळताना तर माणूस दिसतं त्याहून 49 टक्के जास्त वळला तरी त्याला पत्ता लागत नाही.

बाबा, तुम्ही लगेच हिशोब घालाल की 22 मीटर त्रिज्या म्हणजे 44 मीटरचा हॉल, तो कुठाय? नाहीच. म्हणून ते फुलपाखरू. मान वळली की त्या वळण्यात चोरी करता येते. शिवाय डोळे एका वस्तूवरून दुसरीवर उडी घेतात तेव्हा क्षणभर आपल्याला धड दिसतच नाही. डोळ्यांवर नजर ठेवणारे कॅमेरे ती उडी पकडतात आणि तेवढ्यात चित्र किंचित फिरवलं जातं. 2018 मध्ये हे करून दाखवलं गेलं. पापणी मिटते तेव्हाही असंच. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

एवढं करूनही भिंत आलीच, तर आवाज येतो, "स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्या." हेडसेटमध्ये पूर्ण गिरकी दिसते, शरीर मात्र अर्धंच वळतं, आणि तोंड आपसूक मोकळ्या हॉलकडे होतं. (माझी पहिली गिरकी उशिरा झाली. मनगट अजून निळं आहे. आई, काळजीचं काही नाही.)

बसल्या जागी बटण दाबून पुढे सरकता येतंच की, मग एवढी खटपट कशाला? आईला बस लागते ना, म्हणून. डोळे सांगतात चाललोय, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं बसलोय. या भांडणात पोट ढवळतं. खरंच चाललं की भांडण बरंच मिटतं. डोकं वळल्यावर चित्रही लगेच वळायला हवं, साधारण 20 मिलिसेकंदांच्या आत, नाहीतर पुन्हा तेच. चालण्याने फरक किती पडतो ते मी एका फळीवर अनुभवलं. हेडसेटमध्ये खोल खड्डा, पायाखाली जेमतेम दीड इंच जाडीची खरी फळी. बोटं कडेवरून बाहेर आली आणि तळपायांना घाम फुटला. दीड इंच, बाबा!

दुसरा मार्ग म्हणजे माणूस चालेल तसं जमिनीनेच मागे सरकायचं. चहूबाजूंना फिरणारे पट्टे, घसरत्या तळाच्या बशा असे बरेच प्रकार झाले. जानेवारी 2024 मध्ये डिस्नेच्या लॅनी स्मूट यांनी छोट्या छोट्या फरशांची जमीन दाखवली, तिच्यावर एकाच वेळी अनेक जण हव्या त्या दिशेला चालतात. बघायला झकास. पण मी एका बशीवर चालून पाहिलंय. ते चालणं नव्हे, कमरेला पट्टा बांधून ओल्या फरशीवर पाय घासणं आहे. मला हॉल आणि लबाडीच बरी वाटते.

पूर्वी या हेडसेटलाही दोरी होती. 1968 मध्ये आयव्हन सदरलंड यांचा हेडसेट छताला टांगलेला असे. पुढे वर्षानुवर्षं चालणाऱ्याच्या मागून एकजण केबल सांभाळत फिरायचा. आता कॅमेरे आणि संगणक हेडसेटमध्येच बसलेत. केबलवाल्याची नोकरी गेली आणि मला मिळाली.

परवा एक निवृत्त गृहस्थ आले होते. इतकं फिरवलं, तरी विचारल्यावर दाराकडे बरोब्बर बोट! आम्ही चाट. म्हणाले, "दाराजवळच्या एसीचा आवाज सारखा डाव्या कानात होता, मग उजव्या कानात आला. म्हटलं, हे मला फिरवतायत." तेव्हापासून आम्ही हेडफोनमध्ये पावसाचा आवाज लावतो.

बाबा, रेडिओची खरखर ऐकून कुठला भाग गेलाय ते सांगणारे तुम्ही. तुम्हाला एकदा या हॉलमध्ये आणायचंय, पाऊस लावून. पैज?

तुमची,
चिमी

ता. क. आई, मनगटाला सूज नाही. फोनवर तेच पहिलं विचारू नकोस.