सुपरचार्जरने ताकद वाढते, इंजिनाच्या आयुष्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांच्या मॉडिफिकेशनवर आलेला लेख वाचला. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबून भरणारा पंप, बसवल्यावर किती अश्वशक्ती वाढते, हे त्यात उत्साहाने सांगितले आहे. परंतु तीच गाडी काही वर्षांनी कोणत्या अवस्थेत असते, याविषयी एक ओळही नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनांचे बोअरिंग आणि क्रँकचे (मुख्य फिरत्या दांड्याचे) ग्राइंडिंग करणाऱ्या माझ्यासारख्याकडे अशी इंजिने उघडल्यानंतर येतात, म्हणून हे पत्र.

सुपरचार्जर हा मुळात इंजिनाचा शत्रू नाही. मर्सिडीजने १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात सुपरचार्जर असलेल्या मोटारी मांडल्या, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. प्रश्न एवढाच आहे की, इंजिन त्या दाबासाठी घडवलेले आहे की दाब नंतर त्याच्यावर लादलेला आहे. २०१६ पासून भारतात विकल्या गेलेल्या फोर्ड मस्टँगच्या पाच लिटर व्ही-८ इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ११ ला १ होते, तर त्याच कंपनीने २०२० च्या शेल्बी जीटी-५०० साठी कारखान्यातच सुपरचार्जर बसवताना कॉम्प्रेशन ९.५ ला १ वर आणले आणि पिस्टन व कनेक्टिंग रॉड फोर्जिंगचे घेतले. बाहेरून किट बसवताना यातले बहुधा काहीच बदलत नाही. पुली, पट्टा, मोठे इंजेक्टर आणि नवे ट्यूनिंग एवढ्यावर काम उरकले जाते, आणि इंजिनाच्या पोटात मूळचेच पिस्टन राहतात.

इंजिनाचे आयुष्य खाणारी खरी गोष्ट म्हणजे उष्णता. हवा दाबली की तापते. बाहेर ४० अंश तापमान असताना हवेचा दाब दीडपट केला आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १०० अंशांच्या आसपास पोहोचते. म्हणजे दाब दीडपट होऊनही हवेची घनता जेमतेम सव्वापट होते, आणि तापलेल्या हवेमुळे नॉकिंगची (मिश्रण अवेळी आपोआप पेटून हादरे बसण्याची) शक्यता मात्र वाढते. ही हवा थंड करणारा इंटरकूलर चांगला असेल तर हे बरेच आवरते. इंटरकूलर लहान असेल किंवा बंपरच्या मागे वारा न लागणाऱ्या जागी कोंबलेला असेल, तर पहिल्या एक-दोन वेळा गाडी जोरात पळते, नंतर नॉक सेन्सर इग्निशन मागे घेऊ लागतो म्हणजे ठिणगी उशिरा पडते, ताकद उतरते आणि एक्झॉस्टचे तापमान चढत जाते. गाडी चालू राहते, त्यामुळे मालकाला वाटते की सारे ठीक आहे.

नाशिकच्या गाडीमालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. सुपरचार्जर क्रँकच्या पट्ट्यावर ठरावीक प्रमाणात फिरतो, म्हणून बाहेरच्या हवेचा दाब जितका जास्त, तितका सिलिंडरमधील अंतिम दाब अधिक. डिसेंबरच्या थंडीत येथे ट्यून केलेली गाडी मे महिन्यात कसारा घाट उतरून मुंबईला गेली, तर ट्यूनिंग करताना जो भार कधी आलाच नव्हता तो तिच्यावर येतो, तोही अधिक गरम हवेत. परतीच्या वाटेवर घाटाची सलग चढण असते. तेव्हा नाशिकच्या रस्त्यावर घेतलेली एक चाचणी पुरेशी नाही, हे ट्यूनिंग करणाऱ्यांनी ग्राहकाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

इंधनाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. परदेशी किटच्या पुस्तिकेत ९१ ऑक्टेन पेट्रोल वापरा असे छापलेले असते आणि आपल्याकडेही २०२० मध्ये लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकाने साध्या पेट्रोलसाठी ९१ हा किमान आकडा ठरवला होता, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण अमेरिकेत ऑक्टेन वेगळ्या पद्धतीने मोजतात. तिकडचे ९१ म्हणजे आपल्या मापाने ९५-९६. शिवाय २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी वजनाने आठ-नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. इथेनॉल नॉकिंगला चांगले तोंड देते हे खरे, पण इंजेक्टर आणि पंप आधीच क्षमतेच्या टोकावर चालत असतील, तर पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण कोरडे पडते म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि पिस्टन जातात ते बहुधा त्याच क्षणी.

उघडलेल्या इंजिनात काय दिसते, तेही सांगतो. पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधली भिंत तुटलेली असते, कारण जास्त उष्णतेने रिंगची टोके एकमेकांना भिडतात किंवा नॉकिंगचे हादरे तेथेच बसतात. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा वरचा शेल खालच्यापेक्षा लवकर झिजलेला असतो, कारण स्फोटाचा धक्का तोच झेलतो. क्रँकचे पुढचे मेन बेअरिंग पट्ट्याच्या ताणाच्या बाजूने घासलेले असते. यातली एकही झीज पहिल्या महिन्यात कळून येत नाही. म्हणूनच ‘बसवून वर्ष झाले, काही त्रास नाही’ या दाखल्यावर मी विश्वास ठेवत नाही.

वर्कशॉपवाल्यांकडे माझी मागणी साधी आहे. किट बसवण्याआधी आणि नंतर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे आणि लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाने सोडलेली हवा किती गळते ते पाहणारी) घ्यावी, पूर्ण भारावरील हवा-इंधन मिश्रणाची व हवेच्या तापमानाची नोंद घ्यावी, आणि ती सही-शिक्क्यानिशी ग्राहकाच्या हाती द्यावी. प्लग एक-दोन पायऱ्या थंड प्रतीचे घालावेत, ऑइल बदलण्याचे अंतर कमी करून लिहून द्यावे. क्लच आणि ब्रेक हे मूळ ताकदीच्या हिशेबाने दिलेले असतात, याचीही कल्पना द्यावी.

कायद्याकडेही डोळेझाक करता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला कळवलेले नसेल, तर अपघातानंतर दावा अडकतो तो वेगळाच.

आणि जुनी परफॉर्मन्स कार घेणाऱ्यांना विनंती आहे की, विक्रीपूर्वी किट उतरवून ठेवलेल्या गाड्याही बाजारात येतात. सौदा ठरवण्याआधी क्रँकच्या पुढच्या पुलीवर आणि तिच्या आसपासच्या ब्रॅकेटवर नव्याने पाडलेली भोके किंवा घासल्याच्या खुणा आहेत का ते पाहावे, ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) मूळ प्रोग्रामिंग बदलले आहे का ते अधिकृत सेवा केंद्रातून तपासून घ्यावे, आणि लीक-डाउन चाचणीला विक्रेता नकार देत असेल तर ती गाडी घेऊ नये.

आपला,
इंजिन रिकंडिशनिंग व्यावसायिक,
सातपूर, नाशिक