वेलीला चढू दे

सातारा,
१२ जून

प्रिय मंदा,

तुझं पत्र आणि सोबतचा फोटो पोचला. फोटो खिडकीशी नेऊन, चष्मा लावून नीट पाहिला. अगं, तुझी मॉन्स्टेरा, ती भोकाभोकाच्या पानांची वेल, मरत बिरत नाहीये. खालची पानं पिवळी पडली ती मुळांशी पाणी साचल्यामुळे, आणि नवी पानं लहान, बिनभोकाची येतायत ती चढायला काही मिळालं नाही म्हणून. दोन्ही गोष्टी सुधारण्यासारख्या आहेत. तेवढं सूनबाईंना सांग आणि झाड घराबाहेर काढायचं सध्या थांबव.

आधी माती. तासगावच्या मळ्यातली काळी माती तू मायेनं आणून भरलीस, कळतं मला. पण ही वेल दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पावसाळी जंगलातली. तिथं पालापाचोळ्यात रुजायचं आणि झाडाची साल धरून वर जायचं, हा तिचा संसार. तिच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. काळी माती भिजली की चिखल होते आणि सुकली की भेगाळते. कुंडीत तर मुळं गुदमरतातच. मृगाचा पाऊस लागलाच आहे, हवेत दमटपणा आहे, तेव्हा आत्ताच कुंडी बदल. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि विटांचे बारीक तुकडे सारख्या मापानं घे, वर गांडूळखत मूठभर. बुडाचं भोक मोकळं आहे ना, ते आधी बघ. मुळं धुतलीस की तुझं तुलाच कळेल: सडलेली काळी, लिबलिबीत असतात, चांगली पांढरट आणि कडक. सडलेली सगळी कापून टाक, दया दाखवू नकोस.

पाण्याचा वार ठरवू नकोस. बोट दोन पेरं आत घालून बघ, कोरडं लागलं तरच घाल. घालशील तेव्हा खालून निथळेपर्यंत घाल आणि ताटलीत साचलेलं लगेच ओतून दे. थंडीत तिची वाढ मंदावते, तेव्हा आणखी अंतर ठेव.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. पेरातून निघालेली जाड तपकिरी मुळं घाण दिसतात, कापू का, असं विचारलंयस. अजिबात नको! तेच तिचे हात आहेत. तुमच्याकडे द्राक्षाचा वेल ताणे गुंडाळत तारेवर चढतो, म्हणून तू भिंतीवर तार मारून दिलीस. पण मॉन्स्टेराला ताणे नसतात. तिला मुळं रोवायला ओलसर, खरखरीत जागा हवी. तारेला ती काय धरणार? नर्सरीत काथ्या गुंडाळलेली काठी मिळते, मॉस स्टिक म्हणून माग. चांगली जाड घे. पानं ज्या बाजूला तोंड करतात त्याच्या मागच्या अंगाला ती रोव, आणि जुन्या साडीच्या पट्टीनं खोड सैलसर बांध. पानाचा देठ मात्र बांधायचा नाही, त्याला उजेडाकडे वळायला मोकळं राहू दे. काथ्या रोज ओला कर. मुळं आत शिरली की पट्टीची गरजच उरत नाही.

आपल्या माहुलीच्या वाटेवरचा तो आंबा आठवतो? त्यावर चढलेल्या मनी प्लँटची पानं सुपाएवढी, कडेनं चिरलेली. तुझ्या स्वयंपाकघरात बाटलीत लोंबतोय तो मनी प्लँट हाच. बाटलीत पानं तळव्याएवढीच राहतात, कारण तिथं तो खाली लोंबत असतो, चढत नसतो. मॉन्स्टेराचं तेच आहे. १९७५ साली कोस्टा रिकाच्या जंगलात दोन संशोधकांना दिसलं, की मॉन्स्टेराच्या एका जातीची कोवळी रोपं उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरकतात. अंधार दाट तिथं मोठ्या झाडाचा बुंधा असणार ना! बुंधा हाताला लागला की मग उजेडाच्या दिशेनं वर, आणि मोठी पानं येतात ती वेल चढायला लागल्यावरच. मला ही गोष्ट केव्हाही आठवली तरी भरून येतं गं.

भोकांबद्दल विचारलंयस. ती वाऱ्यानं किंवा किडीनं पडत नाहीत. पान सुरळीसारखं गुंडाळलेलं असतानाच ठरल्या जागच्या पेशी आपोआप मरतात आणि भोकं तयार होऊनच पान उलगडतं. आमच्या काठीवर आत्ता एक सुरळी सुटतेय. फिकट पोपटी, ओलसर चकाकी असलेली, आणि इतकी कोवळी की बोट लागलं तरी वळ उठेल. तुझ्याकडे अशी आली की ओढून सोडवू नकोस, तिच्या वेळेनं सुटते. सकाळी पानाच्या टोकाशी पाण्याचा थेंब दिसला तर घाबरायचं नाही, मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी ती असं बाहेर टाकते.

जागा बदल. सांगलीत चैत्र-वैशाखात पश्चिमेच्या खिडकीत पानं करपणारच. पूर्वेच्या खिडकीजवळ ठेव, आणि कूलरचा झोत तिच्या अंगावर येऊ देऊ नकोस. पानं ओल्या फडक्यानं पुसत जा. पिठ्या ढेकूण, ती पांढरी कापसासारखी कीड, तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखू येतो, पण द्राक्षावरची फवारणी घरात आणायची नाही हं. साबणाच्या पाण्यानं पुसलं तर पुरतं.

आणि नात रांगायला लागली म्हणतेस, तर कुंडी तिच्या हाताला लागणार नाही अशी ठेव. ही वेल अळूच्याच कुळातली. ज्या बारीक सुयांसारख्या स्फटिकांनी अळू खाजतं, तेच हिच्या पानात असतात. पान चावलं तर तोंडाची आग होईल.

कुंडी काढल्यावर सड खोडापर्यंत गेलेली दिसली, तरी धीर सोडू नकोस. वरचं चांगलं खोड, निदान एक पेर आणि एक हवेतलं मूळ धरून काप आणि पाण्यात ठेव, फुटेल ते. काठी तिकडं मिळाली नाही तर कळव, एस.टी.नं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती देते.

घरी सगळ्यांना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझी,
शैला