जादूच्या वस्तू वाटताना हात आखडता हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतल्या बैठ्या खेळांविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या मजकुरात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन गोष्टीतून खेळायच्या खेळाची, ओळख नेटकी करून दिली होती. पुण्यात कॅफेंमध्ये, होस्टेलच्या खोल्यांत आणि आयटीवाल्यांच्या रविवारच्या बैठकांत हा खेळ खेळला जातो, त्यामुळे त्याची दखल घेतली हे बरंच झालं. त्यातला एक सल्ला मात्र खटकला. नव्या खेळाडूंचा उत्साह टिकावा म्हणून डीएमनं, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्यानं, जादूच्या वस्तू सढळ हातानं द्याव्यात, असं त्यात म्हटलं आहे. हे ऐकलं तर चार-पाच बैठकांत टेबल थंड पडतं.

या खेळात वार लागला की हुकला हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. पडलेल्या आकड्यात आपला बोनस मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या एसीइतकी, म्हणजे बचावाच्या अंकाइतकी किंवा जास्त भरली की वार लागला. २०१४ ची पाचवी आवृत्ती करताना हे बोनस मुद्दाम लहान ठेवले गेले. पहिल्या पातळीपासून विसाव्यापर्यंत प्रावीण्याचा बोनस +२ वरून +६ वर जातो, म्हणजे पात्राच्या अख्ख्या कारकिर्दीत वाढ फक्त ४ ची. +३ ची जादूची तलवार एका संध्याकाळी ३ देऊन टाकते.

पाचव्या पातळीचा, १८ ताकदीचा योद्धा घ्या. त्याचा बोनस +७: ताकदीचे ४ आणि प्रावीण्याचे ३. समोर १५ एसीचा गॉब्लिन असेल तर ८ किंवा वर पडलं की वार लागतो, म्हणजे वीसपैकी १३ वेळा. साध्या लाँगसोर्डचा वार सरासरी ८.५ चा, तेव्हा एका फेकीमागे पदरात पडतात सुमारे ५.५. हातात +३ ची तलवार दिली की वीसपैकी १६ वार लागतात आणि वार होतो ११.५ चा. गुणाकार येतो ९.२. तीनचा आकडा चिल्लर वाटतो, पण नुकसान दीडपटीच्याही पुढे जातं, कारण तो नेमातही मिळतो आणि घावातही.

चिलखताचं प्रकरण याहून वाईट. प्लेट चिलखत आणि ढाल मिळून एसी २० होतो. +६ बोनसचा ओगर, म्हणजे एक धिप्पाड राक्षस, अशा पात्राला वीसपैकी ७ वेळा मारतो. आता +१ चं चिलखत, +२ ची ढाल, संरक्षणाची अंगठी आणि संरक्षणाचा झगा या चार वस्तू वेगवेगळ्या बैठकांत दिल्या समजा. एकेक वस्तू गरीबच दिसते. एसी होतो २५ आणि ओगरचे वार लागतात वीसपैकी २. पहिल्या +१ नं सातातला एक वार कमी केला होता. यापुढे आणखी एक +१ दिला तर दोनातला एक जातो, म्हणजे उरलेला मार थेट निम्मा. ढिगावरचा शेवटचा +१ सगळ्यात महाग असतो, हे नव्या डीएमच्या फार उशिरा लक्षात येतं.

मग तो करतो काय, तर राक्षस तगडे करतो. त्या पात्राला पुन्हा वीसपैकी ७ वार बसायचे तर ओगरचा बोनस +११ करावा लागेल. पण त्याच टेबलावर १२ एसीचा जादूगार बसलेला असतो. त्याला आधी वीसपैकी १५ वार लागत, आता १९ लागतात (फाशावर १ पडला तर वार हुकतोच). ओगरचा वार सरासरी १३ चा आणि पाचव्या पातळीच्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, साधारण तीसच्या आसपास. तीन दणक्यांत तो आडवा. लाड एकाचे झाले, भोगतो दुसराच, आणि बैठकीला दांड्या मारायला सुरुवातही तोच करतो.

यावर जाणकार सांगतील की अट्यूनमेंटची, म्हणजे पात्रानं वस्तूशी नाळ जोडण्याची, मर्यादा आहे, एका पात्राला तीनच वस्तू. खरं आहे. पण साधी +१, +२, +३ ची शस्त्रं, चिलखतं आणि ढाली यांना अट्यूनमेंट लागतच नाही. वरच्या चार वस्तूंपैकी मर्यादेत येतात त्या अंगठी आणि झगा, दोनच.

वस्तूच्या दुर्मीळतेवर डोळे मिटून विसंबण्यातही अर्थ नाही. संरक्षणाचा झगा ‘अनकॉमन’ आणि संरक्षणाची अंगठी त्याहून दुर्मीळ, ‘रेअर’, काम मात्र दोघांचं अगदी तेच: एसीला आणि सेव्हिंग थ्रोला, म्हणजे जादू-विषासारख्या संकटातून वाचण्याच्या फेकीला, +१. उडता झाडू ‘अनकॉमन’, म्हणजे २०१४ च्या नियमांनी १०१ ते ५०० सोन्याची नाणी. साधं, बिनजादूचं प्लेट चिलखत पडतं १,५०० ला! हा झाडू ५० फुटांच्या वेगानं उडतो, त्याला ना अट्यूनमेंट, ना वेळेचं बंधन. तिसऱ्या पातळीच्या धनुर्धराला तो दिला की दरी, नदी, तटबंदी, भुयारातला खड्डा, सगळं एका फटक्यात बाद. लाँगबो धनुष्याचा पल्ला १५० फूट, तर ओगरच्या भाल्याचा सरळ पल्ला ३० फूट. पुढे लढाई कसली, चांदमारीच.

जुन्या आवृत्त्यांवर वाढलेल्यांचा हात सैल असण्याला कारण आहे. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत शस्त्राच्या बोनसचा वर्ग करून त्याला २,००० नं गुणलं की किंमत निघे: +१ ला २,०००, +२ ला ८,०००, +३ ला १८,०००. कोणत्या पातळीला किती संपत्ती असावी याचा तक्ता होता आणि राक्षसांचे आकडे ती संपत्ती गृहीत धरूनच बेतलेले होते. पाचव्या आवृत्तीतले राक्षस अशा वस्तू गृहीत धरत नाहीत. तिथली सवय इथे आणली की हिशेब चुकलाच.

मग द्यायचं काय? वापरली की संपते, अशी वस्तू. कर्णाची कवचकुंडलं कायमची होती, म्हणून ती उतरवून घ्यायला इंद्राला याचक होऊन यावं लागलं. त्याबदल्यात दिलेली वासवी शक्ती एकदाच चालणारी, आणि ती घटोत्कचावर खर्ची पडली. डीएमच्या दृष्टीनं दुसरी वस्तू सोन्यासारखी. कधी वापरायची याचा घोर खेळाडूला, आणि कवचकुंडलं परत मागताना होणारं भांडण टळतं.

२०१७ च्या पूरक पुस्तकातल्या तक्त्यात एका गटाला चौथ्या पातळीपर्यंत अकरा वस्तू धरल्या आहेत. त्यांतल्या नऊ किरकोळ, औषधी आणि मंत्रांच्या गुंडाळ्यांसारख्या; मोठ्या दोनच, त्याही ‘अनकॉमन’. हे प्रमाण चांगलं आहे. आगगोळ्यांची कांडी द्यायचीच असेल तर तिचं रोज पहाटेचं पुनर्भरण काढून टाका. मूळ नियमात तिच्यात ७ चार्ज, म्हणजे सात वेळा वापरण्याइतका साठा, असतात आणि दर पहाटे १ ते ६ च्या फाशात एक मिळवून तेवढे परत येतात. पाचव्या पातळीच्या जादूगाराला तिसऱ्या दर्जाचे मंत्र, आगगोळाही त्यातलाच, दिवसाला दोन, फार तर तीन. त्याच्यासमोर सरासरी चार-पाच आगगोळे रोजच्या रोज झाडणारी कांडी ठेवली तर त्याच्या वाढलेल्या पातळीला अर्थ राहत नाही. सात वापरले की राख, असं ठरवलं तर तीच कांडी दोन महिने रंगत आणते.

आकडा वाढवणाऱ्या वस्तूपेक्षा आकडा ठरवून देणारी वस्तू बरी. ओगरबळाचे हातमोजे ताकद थेट १९ करतात. ८ ताकदीच्या पुरोहिताचा बोनस −१ वरून +४ होतो; १८ वाल्या योद्ध्याला मात्र काहीच मिळत नाही, कारण १८ आणि १९ दोन्हींचा बोनस +४ च. ही वस्तू आपोआप गरजूच्या हाती जाते.

ज्यांनी आधीच वाटून ठेवलंय त्यांनी चोर पाठवून वस्तू पळवू नयेत. खेळाडूंना ते बरोबर कळतं. खेळ सुरू होण्याआधी हिशेब समोर मांडावा आणि +३ ची +१ करून वर एखादा दिवसातून एकदा चालणारा गुण द्यावा. बहुतेक जण राजी होतात. एका वहीत प्रत्येक पात्राचा एसी, वाराचा बोनस आणि उरलेले चार्ज लिहीत जावेत. पाचव्या पातळीपर्यंत कुणाच्याही एसीत जादूचे मिळून १ हून जास्त जमू देऊ नयेत. दुसऱ्या टेबलावरून तयार पात्र घेऊन येणाऱ्याची वहीही आधी तपासावी. वन-शॉटचा, म्हणजे एकाच बैठकीत संपणाऱ्या गोष्टीचा, विचका बहुतेक वेळा तिथेच होतो.

यातले मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात आणि त्यांत झाडू, झगा, कांडी सगळ्यांचं वर्णन आहे. पुरवणीत पुन्हा वस्तूंची यादी छापाल तेव्हा प्रत्येकीपुढे ती कोणत्या पातळीपासून द्यावी आणि तिला अट्यूनमेंट लागते का, एवढं जरूर द्यावं.

– एक डीएम, कोथरूड, पुणे