रस्त्याकडच्या बाजूने चालणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला घरी आणून देता आले असते. पण आभाराचा शब्द निघाला की तुम्ही सूनबाईंना चहा टाकायला सांगून विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहीत आहे.

ह्यांच्या अपघातानंतर आमच्याकडे माणसांची वाण नव्हती. तेराव्यापर्यंत दारात चपलांचा ढीग असे आणि प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काहीतरी होते: देवाची मर्जी, मुलीकडे बघ, आता खंबीर हो. चौदाव्या दिवशी दार मोकळे झाले. ज्या डॉक्टरांकडे मला नेले, त्यांनी कागदावरची नजर न उचलता झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. आणि ‘रात्री-अपरात्री केव्हाही हाक मार’ म्हणणाऱ्यांचे फोन पुढे लागेनासे झाले. राग ओसरला आहे असे लिहिणे शिष्टाचाराला धरून झाले असते, पण तो ओसरलेला नाही.

तुम्ही मात्र एके पहाटे फाटकापाशी येऊन ‘रंकाळ्यावर निघालोय, येतेस का?’ एवढेच विचारलेत. मी नाही म्हटल्यावर, गाडी चुकलेल्या प्रवाशाला पुढच्या एसटीची वेळ सांगावी तसे ‘मग उद्या साडेपाचला’ म्हणून निघून गेलात, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच पुन्हा उभे राहिलात. शेवटी मीच चपला घातल्या.

हॉर्न वाजला की माझे पाय जागीच खिळत, हे मी कोणालाही सांगितले नव्हते. फुलेवाडीकडून येणाऱ्या ट्रकचा आवाज वाढताच तुम्ही, उसाच्या दराबद्दल चाललेले बोलणे न थांबवता, माझ्या मागून वळसा घालून रस्त्याकडच्या बाजूला आलात आणि मला तळ्याच्या बाजूला घेतलेत. परतताना रस्ता दुसऱ्या हाताला आला, तेव्हा पुन्हा बाजू बदललीत. ‘घाबरतेस का?’ असे एका शब्दाने विचारले नाहीत. आजवर माझ्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ काही केले असेल, पण त्या वेळी मला नेमके एवढेच हवे होते.

पुढे सूनबाईंनी शोधून दिलेल्या समुपदेशक बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८७ साली बागेत फिरत असताना, डोळ्यांच्या हालचालींबरोबर मनातल्या त्रासदायक विचारांची धार कमी होत असल्याचे त्यांना जाणवले, आणि त्यातून आघातावरची ‘ईएमडीआर’ ही उपचारपद्धती उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तिची शिफारस केली. नुसते चालणे म्हणजे तो उपचार नव्हे, हेही बाईंनी बजावले. मात्र धोक्याच्या पवित्र्यात आखडून गेलेल्या शरीराला चालण्याने एक ठेका मिळतो, श्वास लांबतो, झोपेला मदत होते. आणि शेजारून चालणाऱ्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नसल्यामुळे, समोरासमोर बसून न निघणारे शब्द निघतात. माझे तसेच झाले. त्या सकाळी काय घडले ते मी प्रथम सांगितले, ते तळ्यातल्या संध्यामठाच्या खांबांकडे पाहत. तुम्ही ‘हं’ म्हणालात आणि चाल तशीच ठेवलीत.

आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट तुम्ही वर्षानुवर्षे चालत आला आहात. दिंडीत कोणी कोणाला ‘का आलात?’ म्हणून खोदून विचारत नाही, पाऊल मात्र जुळवून घेते, असे तुम्हीच एकदा बोलून गेला होता. असा भलेपणा आपल्याकडे अजून शिल्लक आहे, फक्त तो सांत्वनाच्या गर्दीत पुढे येऊन बसत नाही.

माझे सगळे ठीक झाले आहे, असे नाही. काही दिवस अजून वाईट जातात. पण गोळ्या सुटल्या, त्याही नव्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि भाजीला मी एकटी जाते.

सोमवारी तुमच्या गुडघ्याची तपासणी आहे, असे कळले. रिक्षा मी सांगून ठेवली आहे, तेव्हा बसने जाण्याचा हट्ट धरू नये. डॉक्टरांनी काही दिवस चालायला बंदी केलीच, तर चौपाटीवरच्या बाकावर बसू. उसाच्या दराचे बोलणे तुम्ही अजून पुरे केलेले नाही.

आपली नम्र,
शेजारीण